विसावी नेमणूक

मराठीच्या बाईंबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. एक, खुर्ची. दोन, अर्धं संत्रं. तीन, नेमणूक वही. चार, ताण. पाच, साहेबांची फेरी. यादी चांगली होती. पण लिहायला बसले तर पहिल्याच मुद्द्यात तिसरा घुसला आणि चौथ्याशिवाय पाचवा कळेना, म्हणून ती बाजूला ठेवली. बाई शाळेत होत्या तेव्हाही कुठल्या तक्त्यात नीट बसल्या नाहीत. पर्यवेक्षणाच्या तक्त्यात मी त्यांचं नाव दोन खोल्यांसमोर लिहीत असे, कारण नेमून दिलेल्या खोलीत त्या सापडतीलच याची खात्री नसे.

पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते आणि परीक्षांचं सगळं काम माझ्याकडे असतं. गाव मराठी बोलणारं, पण राज्य हिंदी, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची. नववीला एकच मराठी तुकडी, ती बाईंची. बाई सौंसरच्या. घरची संत्र्याची दोनशे झाडं, एक म्हातारे दीर आणि रोजची सकाळची बस, एवढा त्यांचा संसार. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, पण मला कायम "मॅडम" म्हणायच्या, तेही असं की त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला कधी मोजता आलं नाही.

त्यांची खुर्ची लाकडी होती. एक हात तुटलेला, बसायच्या जागी जुन्या लुगड्याची घडी बांधलेली. शाळेत प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या आल्या तेव्हा चपराशीभाऊ एक घेऊन त्यांच्या वर्गात गेले आणि पाच मिनिटांत तशीच परत घेऊन आले. "बाई म्हणून राहिल्या, हे खुर्ची मुकी हाये." जुनी खुर्ची मुकी नव्हती. मुलानं चुकीचं उत्तर दिलं की ती कुरकुरायची. बाई किंचित कलत असणार, दुसरं काय? पण मुलांची पक्की समजूत होती की खुर्चीला मराठी येतं. बाई रजेवर असताना बदलीवर गेलेल्या एका शिक्षकानं तिच्यावर बसून शिकवलं, ती तासभर कुरकुरत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या तासाच्या वह्या खोडून टाकल्या.

अर्ध्या संत्र्याचं असं, की बाई एकटीनं संत्रं कधी खात नसत. पिशवीतून काढायच्या, सोलायच्या आणि समोर जो असेल त्याच्या हातात अर्धं ठेवायच्या. बसचा कंडक्टर, बँकेतला बाबू, मुलाची तक्रार घेऊन आलेला बाप. मग तो कसा खातो ते बघत राहायच्या. कोणी सगळं एकदम तोंडात कोंबायचं, कोणी बिया खिशात ठेवायचं. मी प्रत्येक फोडीवरच्या पांढऱ्या रेषा काढून एका बाजूला ठेवते. पहिल्याच दिवशी त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तं संत्र्याचीबी यादी करून राहिल्या."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, वरून पत्रक आलं. नववीच्या सगळ्या तुकड्यांची वाचन चाचणी. उतारे वाचायचे आणि वीस साहित्यिक संज्ञा ओळखून अर्थ आणि उदाहरण लिहायचं. उपमा, रूपक, अतिशयोक्तीपासून व्याजस्तुती, व्याजोक्तीपर्यंत. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ज्या लहान तुकडीतली निम्मी मुलं पास होणार नाहीत, ती पुढच्या सत्रापासून बंद, मुलं हिंदी वर्गात. लहान तुकडी शाळेत एकच होती. तेवीस मुलांची, बाईंची.

मी त्याच दिवशी मोठ्या कागदावर तक्ता केला. डाव्या रकान्यात संज्ञा, मधे अर्थ, उजवीकडे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आणि पान क्रमांक. बाईंनी तो नीट वाचला, "अक्षर छान हाये" म्हणाल्या, आणि मागची कोरी बाजू वर करून भिंतीला लावला.

"बाई, मुलं नापास झाली तर तुकडी जाईल," मी म्हटलं.

"हाव, वाचलं मी."

"तुम्ही एप्रिलमध्ये निवृत्त व्हाल. तुम्हाला फरक पडणार नाही. पण..."

"मले नाईच पडत. हिले पडते." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या मांगं हिच्यावर मराठीची कोणी बाई येऊन बसते, का हे गोदामात जाते, येवढंच पाह्यचं हाये मले."

"मग पाठ करून घ्या ना उदाहरणं. तक्त्यात सगळी दिली आहेत."

"पुस्तकातलं उदाहरण पुस्तकालेच लागू पडते, मॅडम," म्हणाल्या, आणि पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढली. वर लिहिलं होतं, नेमणूक वही.

वहीत वीस संज्ञांना वीस पानं होती आणि प्रत्येक पानावर गावातल्या एकेका माणसाची नेमणूक होती. उपमा: शाळेच्या फाटकासमोरचा चहावाला. हा गृहस्थ "सारखा" या शब्दाशिवाय वाक्य पुरं करत नाही. चहा अमृतासारखा, दूध पाण्यासारखं, मागची उधारी कुत्र्याच्या शेपटासारखी. रूपक: बसस्टँडजवळचा न्हावी. हा कधीच "सारखा" म्हणत नाही. "या राजे, बसा सिंहासनावर," म्हणतो आणि मोडक्या फिरत्या खुर्चीकडे बोट करतो. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं बोलणं: आमचे चपराशीभाऊ, जे पाण्याच्या मोटरशी बोलतात. अतिशयोक्ती: प्राचार्य.

"प्राचार्य?" मी विचारलं.

"पयले कपड्याचा दुकानवाला होता. पण थो आजारी पडला तवापासून खरंच बोलून राहिला. मंग साहेबाले बढती देली."

या नेमणुका सरकारी पद्धतीनं चालत. मुलांनी जाऊन माणसाजवळ तासभर उभं राहायचं, ऐकायचं आणि अहवाल द्यायचा. अहवाल खराब आला की बदली. न्हाव्याची पहिली नेमणूक उपमेवर होती, पण तीन मुलांनी एका आवाजात सांगितलं की तो "सारखा" म्हणतच नाही, तेव्हा त्याला रूपकावर पाठवलं गेलं. ज्याची नेमणूक झाली त्याला मात्र काही सांगायचं नाही, हा नियम. "सांगतलं का माणूस बिघडते," बाई म्हणायच्या.

त्या दिवसांत मी दुपारी त्यांच्या वर्गाबाहेर उभी असायची. व्हरांड्यातल्या खिडकीची कडी ढिली होती, ती पाहायची होती. त्यामुळे बरंच कानावर पडलं. सावरगावची एक मुलगी होती, जाम नदीवरच्या पुलावरून पायी यायची, तिला विरोधाभास शोधायचा होता. तिनं अहवाल दिला, "बाई, माझे बाबा पांढुर्ण्याचे अन् मामा सावरगावचे. आम्ही मामाकडंच राह्यतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीले दोघं नदीच्या दोन काठांवर उभे राह्यतात अन् एकमेकांवर गोटे फेकतात. बाकीचे दिवस दोघांची मिळून एकच गाडी हाये, पेट्रोल अर्धं अर्धं टाकतात."

खुर्ची कुरकुरली नाही. बाई म्हणाल्या, "दोघंही रुजू करून घे."

एकदा बाई नसताना ती वही टेबलावर होती, म्हणून मी सगळ्या नेमणुकांची नक्कल करून घेतली. शाळेत काही चाललं असेल तर परीक्षा विभागाकडे नोंद असावी. एकोणीस पानांवर नावं होती. विसावं पान व्याजोक्तीचं, म्हणजे खरं कारण लपवून भलतंच कारण पुढे करणं. त्या पानावर नाव नव्हतं. फक्त एक शब्द होता: रुजू. खाली तेवीसच्या तेवीस मुलांचे अहवाल, सगळे "उत्तम".

"बाई, विसाव्या पानावर नाव राहिलं आहे," मी म्हटलं.

"राह्यलं नाई. लिवलं तं वाचणाऱ्याले समजते न बाप्पा."

मी सावरगावच्या मुलीलाही विचारलं. माझी नक्कल अपुरी राहू नये, एवढ्यासाठीच. ती तोंडावर ओढणी धरून पळाली.

मग डिसेंबर संपता संपता बाईंनी शिकवणं बंद केलं.

आमच्याकडे संत्र्याच्या बागेला हिवाळ्यात ताण देतात. महिनाभर पाणी तोडायचं. झाडं मलूल होतात, पानं गळतात, बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग ठरल्या दिवशी पाणी सोडायचं की सगळं झाड एकदम फुलतं. बाईंनी तेच वर्गात केलं. फळ्यावर लिहिलं, "पाणी बंद", आणि हात बांधून खुर्चीवर बसल्या. चपराशीभाऊंनी फळा वाचला आणि थेट मोटरकडे गेले. "तू बंद होऊन राहिली, अन् मले खबर नाई? माझ्याशी काय दुश्मनी हाये तुही?" मोटर चालू होती. तरी त्यांनी मुलींना घरून बाटल्या आणायला सांगून ठेवलं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या वर्गात गेले. बाकं मोजायची होती. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मुलं आपापसात कुजबुजत होती, एक मुलगा चेतनगुणोक्तीचा अर्थ म्हणून दाखवत होता आणि बरोबर की चूक ते कळायला सगळे खुर्चीकडे बघत होते. खुर्ची गप्प.

"बाई, चाचणीला महिना आहे," मी हळू आवाजात म्हटलं. "असं कसं चालेल?"

"झाडाले रोज पाणी देलं तं नुसती पानं येते, मॅडम. मोजून झाले का बाकं?"

"बारा."

"कालबी बाराच होते."

नवव्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीत चहावाल्याला घेराव घालून उभी होती. बाराव्या दिवशी पालकांची तक्रार आली की पोरं घरी जेवताना आजोबांच्या प्रत्येक वाक्याला नाव देतात. सोळाव्या दिवशी मी शेजारच्या वर्गात समीकरण सोडवत होते आणि मधली भिंत हादरली. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता, रूपक, आणि तेवीस मुलं एकदम बोलत होती. मी खडू खाली ठेवला. माझ्या वर्गातलीही निम्मी मुलं तिकडे पळाली होती, त्यांना परत आणायला मला जावं लागलं. परत आणायला अर्धा तास लागला.

फेब्रुवारीत चाचणी झाली. उत्तरपत्रिकांवर शिक्के मारून मी गठ्ठा बांधला. नियमाप्रमाणे आतलं एक अक्षर वाचलं नाही. तपासायला बाहेरगावाहून एक साहेब आले. सडपातळ, चष्मा कपाळावर, मोटरसायकलनं आलेले, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारे. वाचनालयाच्या खोलीत बसले. दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"काय झालं, सर?"

"वाचन चांगलं आहे. संज्ञांचे अर्थही बरोबर. पण उदाहरणं?" त्यांनी एक पान उघडलं. "'रूपक: बसस्टँडजवळचा न्हावी.' हे उदाहरण आहे का पत्ता आहे? अन् हे बघा, 'अतिशयोक्ती: आमचे आदरणीय प्राचार्य महोदय.' तेवीसच्या तेवीस! आदरणीय पण लिहिलंय. संज्ञांचे सगळे गुण कापले मी. उदाहरण नाही तर गुण नाही."

"मग पास किती?"

"चार."

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या वर्गात एकट्याच होत्या. त्यांनी संत्रं काढलं, सोललं, अर्धं माझ्या हातात दिलं आणि आपलं अर्धं खाल्लंच नाही. लुगड्याच्या घडीची गाठ सैल झाली होती, ती सोडून पुन्हा बांधत बसल्या. एकदा बांधली, परत सोडली, परत बांधली. मी त्या दिवशी फोडींवरच्या रेषा काढल्या नाहीत. घाईत होते.

पत्रक माझ्या पर्समध्येच असायचं. मी ते घेऊन साहेबांसमोर ठेवलं आणि सहाव्या कलमावर बोट ठेवलं. "उदाहरण पाठ्यपुस्तकातील अथवा परिसरातील, व पडताळता येण्याजोगे असावे."

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "परिसरातील म्हणजे परिसरात ऐकलेलं एखादं वाक्य, मॅडम. माणूस नाही."

"तसं लिहिलेलं नाही. माणूस परिसरातला आहे आणि पडताळता येतो."

"मतलब, मी गावभर फिरून लोक ऐकू?"

"रस्त्याच्या क्रमानं यादी केली आहे. कुठेही दोनदा जावं लागणार नाही. शाळेपासून सुरुवात, नदीवर शेवट."

त्यांनी यादी मोजली. "एकोणीसच?"

"विसाव्याचं नाव माझ्याकडे नाही."

त्यांनी एका उत्तरपत्रिकेत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत उत्तरपत्रिकेत. "असू द्या," म्हणाले. "ते वाटेत होऊन जाईल."

बाई आमच्याबरोबर आल्या नाहीत. "मी आली तं ते लोक शहाण्यासारखे वागतीन," म्हणाल्या.

आधी चपराशीभाऊ. आम्ही मोटरजवळ गेलो तेव्हा ती नेमकी बंद पडली होती आणि भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले होते. "काहून रुसली? सकाळी तं मस्त गाऊन राहिली होती. कोणी काही बोललं का तुले? मंग कायले असं तोंड करते? चल, पाव्हणे आले, लाज राख." आणि त्यांनी बटन दाबलं. मोटर सुरू झाली. साहेबांनी यादीवर खूण केली.

प्राचार्यांना आम्ही विचारलं एवढंच की शाळेत मुलं किती. "साहेब, मुलं?" प्राचार्य खुर्चीतून उठले. "लाखो! आमची मुलं कुठे नाहीत ते विचारा. मागच्या साली मी रेल्वेनं चाललो होतो, पूर्ण डबा आमच्या शाळेचा. डबा काय, पूर्ण गाडी. चंद्रावर कोणी राहायला गेलं ना, तिथं गेटवर आमचाच पोट्टा उभा असेल." साहेबांनी मान खाली घालून खूण केली. ती जरा जाड झाली.

चहावाल्यानं साहेबांना बघितलं आणि म्हणाला, "बसा साहेब, थकल्यासारखे दिसता. धूप तव्यासारखी होऊन राहिली. चहा देऊ? वाघासारखा कडक?" तीन वेळा. साहेबांनी पेन काढलं तर म्हणाला, "पेन तं नव्यासारखा हाये."

न्हाव्याकडे साहेबांना खरंच बसावं लागलं, कारण त्यानं हात धरून बसवलं. "राजे, सिंहासन आपलंच हाये." दाढी अर्धी झाली तेव्हा साहेबांनी आरशातून मला विचारलं, "मॅडम, मराठी तुकडी तुमची नाही. एवढा त्रास कशाला घेता?"

"मला बाजारात तूरडाळ घ्यायचीच होती," मी म्हटलं.

"असं?"

"हो. घरची संपत आली आहे."

साहेबांनी साबण लावलेल्या तोंडानंच खिशातून कागद काढला आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, न्हाव्याची खूण.

भाजीबाजारात व्याजस्तुतीची नेमणूक होती. मेथीवाली म्हातारी, जी वरवर कौतुक करते आणि आतून सोलून काढते. साहेबांनी तिची एक जुडी उचलून उलटीपालटी केली. "घ्या न बाप्पा, सगळ्या उलटून पाहा," ती म्हणाली. "असा हुशार गिऱ्हाईक मी उभ्या जल्मात नाई पाह्यला. तुमच्या घरी तं बायकोले कामच उरत नसीन." साहेबांनी जुडी ठेवली, खूण केली आणि मग लाजेनं ती जुडी विकतही घेतली. मी डाळ घेतली. एक किलो. घरी होती, पण संपणारच होती कधीतरी.

संत्र्याच्या मंडीत अनुप्रास भेटला. चार भावांची पेट्या भरायची जागा. राजू, राकेश, रमेश, रोशन. मागून त्यांचे वडील ओरडत होते, "राजू, राकेशले सांग, रमेशले म्हणा रोशनले रोक!" साहेब तिथे एका पेटीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत.

संध्याकाळी नदीवर पोहोचलो तेव्हा सावरगावच्या मुलीचे बाबा आणि मामा पुलाच्या कठड्याला गाडी टेकवून भांडत होते. पेट्रोल संपलं होतं आणि प्रश्न होता कोणाचं अर्धं संपलं. बाबा म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भेट मले नदीवर, सांगतो तुले." मामा म्हणाले, "येतो न. पण पयले गाडी ढकल, तुह्या बहिणीले दवाखान्यात न्यायचं हाये." बाबांची बहीण मामांची बायको होती, हे त्यांनीच सांगितलं, न विचारता. दोघं मिळून गाडी ढकलत गेले. साहेबांनी एकोणिसावी खूण केली.

"विसावं राहिलं, सर," मी म्हटलं. "कोणाकडे जायचं?"

"झालं ते," साहेब म्हणाले. "दुपारपासून पाहून राहिलो मी."

ते मोटरसायकलवर बसले. ती सुरू होईना. दोन-तीनदा किक मारून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि टाकीवर हात फिरवून हळूच म्हणाले, "चल बाई, उशीर झाला."

तेवीसपैकी एकवीस मुलं पास झाली. प्राचार्यांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं की साऱ्या देशात असा निकाल लागलेला नाही, आणि मराठी तुकडीतली मुलं इतक्या जोरात टाळ्या वाजवायला लागली की प्राचार्य गहिवरले. आपली नेमणूक त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.

बाई एप्रिलमध्ये गेल्या. निरोप समारंभात त्या भाषण करणार म्हणून सगळे बसले होते. त्यांनी पिशवीभर संत्री काढली, प्रत्येकाला अर्धं अर्धं दिलं आणि सगळे कसे खातात ते बघत पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या. तेच भाषण. शेवटच्या बसच्या वेळी मी स्टँडवर होते, कारण वेळापत्रक बदललंय का ते बघायचं होतं. धुळीचा दिवस होता, डोळ्यांत बरीच गेली. बाई खिडकीतून म्हणाल्या, "वेळापत्रक पाठ झालं असंन आता. जा घरी."

जुलैत नवी बाई आली. तरुण आहे, सावनेरकडची. पहिल्या दिवशी ती त्या खुर्चीवर बसली आणि खुर्ची कुरकुरली. मुलांनी लगेच वह्यांमधलं शेवटचं वाक्य खोडलं. तिला काही कळलं नाही. मी तिला काही सांगितलं नाही. कळेल.

बाईंकडे मी महिन्यातून एकदा जाते. सौंसरला बँकेचं काम असतं.

उत्तरपत्रिका एक वर्ष जपून ठेवायच्या आणि मग रद्दीत काढायच्या, असा नियम आहे. मागच्या महिन्यात त्या चाचणीच्या गठ्ठ्याची पाळी आली. टाचण्या काढल्याशिवाय रद्दीवाला घेत नाही, म्हणून मी गठ्ठा उघडला. वरचीच उत्तरपत्रिका सावरगावच्या मुलीची होती. विसावा प्रश्न शेवटच्या पानावर होता.

"व्याजोक्ती: खरं कारण लपवून दुसरंच कारण सांगणे. उदाहरण: आमच्या गणिताच्या मॅडम रोज दुपारी बाईंच्या वर्गाबाहेर उभ्या राहतात आणि बाईंचं शिकवणं ऐकतात. विचारलं तर म्हणतात, खिडकीची कडी ढिली आहे. कडी ढिली नाही. आम्ही सगळ्यांनी हलवून पाहिली. बाकं पण त्या रोज मोजतात, ती बारा आहेत."

समासात साहेबांच्या बारीक अक्षरात शेरा होता: "पडताळले. तूरडाळही." आणि पुढे पूर्ण गुण.

मी बाकीच्या बावीस बघितल्या. टाचण्यांसाठी. सगळ्यांमध्ये मीच होते. कुणी "आमच्या" लिहिलं होतं, कुणी "आदरणीय", एकानं खिडकीचं चित्रही काढलं होतं, आणि चित्रातली कडी घट्ट लागलेली होती.

टाचण्या परत लावल्या. गठ्ठा मी रद्दीत दिला नाही. कपाटात जागा होती.